आकृती ओढली की काय टिकतं? भावी शिक्षकांना संगणकावर भूमिती शिकवण्याबद्दल

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: छात्रशिक्षकांच्या भूमितीच्या तासाला जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली, त्यांनी बटणं पटकन आत्मसात केली, सुबक रंगीत आकृत्या निघू लागल्या, पण भूमितीची समज होती तिथेच आहे, असं का? दुसरी: स्क्रीनवर मापं आपोआप दिसतात, त्यामुळे सिद्धता लिहिण्याची गरजच त्यांना वाटेनाशी झाली आहे, यावर उपाय काय?

दोन्हींचं मूळ मला एकाच जागी दिसतं. सॉफ्टवेअरचा वापर चित्र काढायचा कागद म्हणून झाला आहे. या सॉफ्टवेअरची खरी ताकद आकृती ओढून बघण्यात आहे. बिंदू पकडून हलवला की काही गोष्टी बदलतात आणि काही जागच्या जागी राहतात. काय बदललं, काय टिकलं आणि टिकलं ते का, या तीन प्रश्नांवर सगळा अभ्यासक्रम उभा करता येतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच सिद्धता. ती वेगळी आणून चिकटवावी लागत नाही.

पहिल्या तासाला टूलची ओळख करून देऊ नका. थेट काम द्या: असा चौरस काढा की त्याचा कुठलाही बिंदू धरून ओढला तरी तो चौरसच राहील. बहुतेक जण जाळीवरचे चार बिंदू धरून रेषाखंड जोडतात. दिसायला चौरस अगदी बिनचूक असतो. एक कोपरा ओढला की त्याचा वेडावाकडा चौकोन होतो. काही जण सुसम बहुभुजाकृतीचं तयार टूल हुडकून काढतात आणि दोन क्लिकमध्ये मोकळे होतात. त्यांचं कौतुक करा आणि मग ते टूल न वापरता तेच करायला सांगा. आता हाताशी उरतात बिंदू, रेषा, वर्तुळ आणि लंब. इथे वर्गात शांतता पसरते, कारण आता चौरस म्हणजे काय हे स्वतःला विचारावं लागतं.

थोड्या वेळाने दोन प्रकारच्या रचना पुढे येतात. कोणी बाजू अब पासून सुरुवात करतं: दोन्ही टोकांना लंब, मग अ केंद्र धरून ब मधून जाणारं वर्तुळ, तसंच ब केंद्र धरून अ मधून जाणारं, आणि लंबांवरचे छेदनबिंदू ड आणि क. कोणी कर्ण अक पासून सुरुवात करतं: त्याचा लंबदुभाजक, मध्यबिंदू केंद्र धरून अ मधून जाणारं वर्तुळ, आणि लंबदुभाजकावर मिळालेले ब आणि ड. दोन्ही चौरस ओढल्यावर टिकतात, पण ते वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात. पहिल्यात अ आणि ब पकडता येतात, क आणि ड पकडता येत नाहीत. दुसऱ्यात अ आणि क पकडता येतात. हमखास कोणीतरी विचारतं, "माझा क का हलत नाही?" या प्रश्नाला भरपूर वेळ द्या. जिओजेब्रात मुक्त बिंदू निळे दिसतात आणि रचनेतून आलेले काळपट. निळे म्हणजे आपण दिलेले, काळपट म्हणजे त्यांच्यामुळे ठरलेले. शाळेत प्रमेय लिहिताना आपण 'पक्ष' आणि 'साध्य' असे मथळे घालतो. बहुतेकांना ते उत्तरपत्रिकेचे शिष्टाचार वाटत असतात. इथे पक्ष म्हणजे रचनेत आपण स्वतः घातलेलं, आणि साध्य म्हणजे न घालता आकृतीत आलेलं, हे डोळ्यांनी दिसतं. बाजूवरून काढलेल्या चौरसात कर्णांचा विचारसुद्धा कोणी केलेला नव्हता, तरी ते एकमेकांना लंब निघाले. कर्णांवरून काढलेल्या चौरसात बाजू समान करा असं कोणीच सांगितलेलं नव्हतं, तरी त्या समान निघाल्या. एकाचा पक्ष तो दुसऱ्याचा साध्य. व्यत्यास म्हणजे काय हे समजावण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

नुसतं काढलेलं चित्र आणि गुणधर्मांनी बांधलेली आकृती या दोहोंतला फरक कोलेत लाबोर्द यांनी कॅब्री या सॉफ्टवेअरवरच्या संशोधनात फार नेमकेपणाने मांडला आहे. कॅब्री १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे झां-मारी लाबोर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. १९९१ मध्ये अमेरिकेत निकोलस जॅकिव यांचं जिऑमेटर्स स्केचपॅड आलं. जिओजेब्राची सुरुवात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात केली. कोणतं वापरायचं यावर वेळ घालवू नका. जिओजेब्रा मोफत मिळतं, मोबाईलवरही चालतं, तेवढं पुरे. ओढणं हा सगळ्यांचाच गाभा आहे.

आता हे भावी शिक्षकांसाठी इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. पिएर व्हॅन हील आणि दिना व्हॅन हील-गेल्डोफ या डच शिक्षक दाम्पत्याने १९५७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांत भूमितीच्या विचाराच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार दिसण्यावरून ओळखतं. दुसऱ्या पायरीवर त्याला गुणधर्मांची यादी सांगता येते. तिसऱ्यावर गुणधर्मांमधले संबंध कळतात, कुठला गुणधर्म दुसऱ्यातून निघतो ते कळतं, व्याख्येला अर्थ येतो. त्यापुढे रीतसर सिद्धता, आणि त्याही पुढे वेगवेगळ्या भूमितींची तुलना. या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, शिकवण्यातून चढल्या जातात, हे त्यांचं म्हणणं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती शिक्षकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे: वेगवेगळ्या पायऱ्यांवरची दोन माणसं तेच शब्द वापरतात, पण एकमेकांचं बोलणं त्यांना समजत नाही. माझ्याकडे येणारे पुष्कळ छात्रशिक्षक दुसऱ्या पायरीवर थांबलेले असतात. त्यांना चौरसाचे सगळे गुणधर्म पाठ असतात, आणि तरी चौरस हा आयत असतो असं म्हटलं की ते अस्वस्थ होतात. अशा शिक्षकाने उद्या वर्गात सिद्धता शिकवायची आहे.

या अडचणीवर ओढण्यासारखं औषध नाही. छात्रशिक्षकाला स्वतः आयताची पक्की रचना करू द्या. मग एक बाजू ओढत ओढत चारही बाजू सारख्या होतील अशा स्थितीला आणायला सांगा. आता विचारा: तुमच्या रचनेतली एकही पायरी बदललेली नाही, मग या क्षणी तो आयत राहिला नाही असं कशावरून म्हणता? समांतरभुज चौकोनाच्या रचनेतून हेच आणखी रुंद करता येतं. तीच फाईल ओढून आयत होतो, समभुज चौकोन होतो, चौरसही होतो, आणि कर्ण एकमेकांना दुभागतात हे सगळ्यांत टिकून राहतं. मग उलट बाजूने: चौरसाची फाईल ओढून चौरस नसलेला आयत करून दाखवा. तो होत नाही. कोण कोणाच्या पोटात बसतं, हे वर्गीकरणाच्या तक्त्यापेक्षा इथे जास्त खोल रुजतं.

असाच दुसरा प्रसंग शिरोलंबाचा. त्रिकोण अबक काढायचा, अ मधून बाजू बक ला लंब काढायचा, आणि तो जिथे बाजूला छेदतो तिथे लंबपाद म घ्यायचा. आता ब पाशी विशालकोन होईपर्यंत अ ओढला की म अचानक गायब होतो. छात्रशिक्षक म्हणतात, सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं. त्यांनी छेदनबिंदू रेषाखंडाशी घेतलेला असतो, आणि लंबपाद आता रेषाखंडाबाहेर, वाढवलेल्या बाजूवर गेलेला असतो. बक ही रेषा धरून छेदनबिंदू घेतला की तो परत येतो. रेषा आणि रेषाखंड यांतला फरक, शिरोलंब त्रिकोणाबाहेर पडू शकतो हे सत्य, आणि आपल्या मनातला त्रिकोण नेहमी लघुकोन आणि पाया आडवा असाच का असतो हा प्रश्न, हे तिन्ही त्या एका गायब होण्यातून निघतात. अशी फाईल 'दुरुस्त' करून आधीच देऊ नका. बिंदू गायब होऊ द्या.

तांत्रिक त्रास मात्र वेगळा, आणि तो आधीच टाळावा. जिओजेब्रात कोन मोजताना बिंदू कोणत्या क्रमाने क्लिक केले त्यावर माप ठरतं, त्यामुळे आकृती ओढताना ४० अंशांच्या जागी एकदम ३२० दिसू लागतात. प्रविशाल कोनाचा तो मुद्दा तुमच्या त्या दिवसाच्या धड्याचा नसेल तर कोनाच्या गुणधर्मांत जाऊन माप ० ते १८० अंशांत ठेवा. अंतर्लिखित कोनाचे किती तरी चांगले पाठ या एका गोष्टीमुळे गोंधळात गेलेले मी पाहिले आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सिद्धतेचा. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी कसोटी इथे आहे.

कोणताही चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू ओळीने जोडा. आत काय तयार होईल? संगणकाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने कागदावर अंदाज लिहायचा. हे लिहून घेणं अजिबात सोडू नका. अंदाज लिहिला नसेल तर स्क्रीनवर जे दिसेल ते 'मला वाटलंच होतं' या सदरात जातं आणि आश्चर्याची संधी हुकते. आतला चौकोन समांतरभुज निघतो. बाहेरचा चौकोन ओढा, अंतर्वक्र करा, इतका ओढा की त्याच्या बाजू एकमेकींना छेदतील. आतला समांतरभुजच राहतो. फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों यांच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये हे प्रमेय प्रसिद्ध झालं.

या क्षणी "आता खात्री करण्यासाठी सिद्ध करा" असं म्हटलंत तर तुम्ही हरलात. खात्री झालेलीच आहे. इतक्या स्थितींमध्ये डोळ्यांनी पाहिल्यावर शंका कोणाला राहणार? दक्षिण आफ्रिकेतले गणितशिक्षणाचे अभ्यासक मायकल डी व्हिलियर्स यांनी १९९० च्या सुमारास हाच मुद्दा मांडला: सिद्धतेचं काम केवळ पडताळणीचं नाही, ती स्पष्टीकरण देते, नवं शोधून देते, विखुरलेलं एकत्र बांधते. म्हणून प्रश्न बदला. "हे खरं आहे का?" हा प्रश्न सोडून द्या आणि विचारा, "असं का होतं? बाहेरचा चौकोन इतका ओबडधोबड असताना आतल्याला ही शिस्त कुठून आली?" वर्ग अडला तर एकच सूचना करा: एक कर्ण काढून बघा. कर्ण काढला की दोन त्रिकोण दिसतात, आणि दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो हे प्रमेय आठवतं. आतल्या समोरासमोरच्या दोन्ही बाजू त्याच कर्णाला समांतर, दोन्ही त्याच्या निम्म्या. झालं.

खरी मजा त्यानंतर आहे. विचारा: आतला चौकोन आयत केव्हा होईल? हमखास उत्तर येतं, बाहेरचा समभुज चौकोन असेल तेव्हा. कोणी पतंग म्हणतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण पुरी नाहीत. आता काम द्या: बाहेरचा चौकोन समभुजही नाही, पतंगही नाही, आणि तरी आत आयत आहे अशी स्थिती ओढून शोधा. नुसतं ओढत बसणाऱ्यांना बराच वेळ लागतो. ज्यांनी सिद्धता समजून घेतली आहे ते क्षणात म्हणतात, आतल्या बाजू कर्णांना समांतर आहेत, म्हणजे कर्ण एकमेकांना लंब असले की पुरे. मग आत समभुज चौकोन केव्हा, हेही ते लगेच सांगतात: कर्ण समान असतील तेव्हा. इथे सिद्धतेने पुढचा शोध लावून दिला, आणि ते वर्गासमोर घडलं. सिद्धतेची गरज पटवायला भाषणापेक्षा हा अनुभव कामाला येतो.

मापांवरचा आंधळा विश्वासही मोडावा लागतो, आणि तो संगणकानेच मोडता येतो. एक समद्विभुज त्रिकोण घ्या, शिरःकोन ३० अंश. पायाचे तीन समान भाग करा आणि ते दोन बिंदू शिरोबिंदूला जोडा. कोनांची मापं पूर्ण अंशांत दाखवायला सांगा: १०, १०, १०. वर्ग आनंदाने जाहीर करतो की कोनाचे तीन समान भाग करण्याची सोपी रीत सापडली. आता शिरःकोन १२० अंशांपर्यंत ओढा. मापं होतात ३०, ६०, ३०. परत ३० अंशांवर या आणि दोन दशांश स्थळं दाखवा: मधला कोन १०.२१ आणि कडेचे ९.९० निघतात. पहिलं '१०, १०, १०' हे पूर्णांकात आणलेलं माप होतं. याची दुसरी बाजूही दाखवा. त्रिकोणाच्या कोनांची मापं ४१.११, ६३.२२ आणि ७५.६६ दिसली, तर बेरीज १७९.९९ येते. म्हणून प्रमेय खोटं ठरत नाही; तिन्ही मापं खाली आणली गेली, इतकंच. स्क्रीनवरचा आकडा खोट्याला खरं आणि खऱ्याला खोटं दाखवू शकतो, हे शिक्षकाला स्वतः अनुभवलेलं असलं पाहिजे, कारण उद्या एखादं मूल हाच १७९.९९ घेऊन त्याच्यासमोर उभं राहणार आहे.

वरच्या वर्गांना शिकवणार असलेल्यांसाठी 'प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो' ही जुनी फसवी सिद्धता जरूर घ्या. अ चा कोनदुभाजक आणि बक चा लंबदुभाजक एका बिंदूत छेदतात; त्या बिंदूतून अब आणि अक वर लंब टाकायचे, एकरूप त्रिकोण दाखवायचे, तुकड्यांची बेरीज करायची, आणि अब = अक. फळ्यावर हाताने काढलेल्या आकृतीत तो बिंदू त्रिकोणाच्या आत दाखवलेला असतो आणि चूक कोणालाही सापडत नाही. हीच रचना संगणकावर करा. तो बिंदू आत कधी येतच नाही. दोन बाजू असमान असताना तो नेहमी परिवर्तुळावर, बक च्या पलीकडच्या कंसावर असतो, आणि दोन लंबपादांपैकी एक बाजूवर पडतो तर दुसरा वाढवलेल्या बाजूवर. म्हणजे एकीकडे बेरीज आणि दुसरीकडे वजाबाकी. एकरूपतेची पायरी बरोबरच होती. फसवलं ते चित्राने. पक्क्या रचनेचं मोल पटायला हे एक उदाहरण पुरतं.

ओढणं हेही शिकवावं लागतं, याकडे फार दुर्लक्ष होतं. नवखे लोक बिंदू जरासा हलवतात आणि 'टिकलं' म्हणून थांबतात. इटलीतल्या फर्डिनांडो आर्झारेल्लो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ओढण्याच्या तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या: काही हाती लागतं का म्हणून भटकत ओढणं, विशिष्ट आकार मिळवण्यासाठी ओढणं, एखादा गुणधर्म टिकवत ठेवून ओढणं, आणि रचना पक्की आहे का हे तपासायला ओढणं. यातली तिसरी तऱ्हा मला शिकवण्यासाठी सर्वांत समृद्ध वाटते. रेषाखंड अब पक्का ठेवा, क कुठेही घ्या, कोन अकब मोजा. आता क असा हलवा की कोन ९० अंशांच्या आसपास राहील, आणि क चा माग उमटवण्याची सोय चालू ठेवा. हात थरथरतो, ठिपके पुढेमागे पडतात, पण हळूहळू अर्धवर्तुळ उमटायला लागतं. अर्धवर्तुळातला अंतर्लिखित कोन काटकोन असतो हे त्यांना पाठ असतं; इथे त्याचा व्यत्यास त्यांच्या हातातून स्क्रीनवर उतरतो. मग अब व्यासाचं वर्तुळ काढून क त्यावर बांधा आणि पक्की रचना करा. कच्च्या रचनेतून पक्क्या रचनेकडे असा प्रवास आधी, तयार फाईल नंतर. टोकाच्या स्थितीही ओढून बघायची सवय लावा: त्रिकोण सपाट झाला तर, बिंदू एकमेकांवर आले तर, आकृती पालथी झाली तर.

टूल कमी करणं हेही शिकवण्याचं साधन आहे. जिओजेब्रात टूलबार आपल्याला हवा तसा ठेवता येतो आणि स्वतःच्या रचनेचं नवं टूल बनवून जतन करता येतं. मी सुरुवातीला मध्यबिंदू, लंब, समांतर हे सगळं काढून टाकतो. बिंदू, रेषा, वर्तुळ एवढंच. पहिलं काम युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं पहिलं प्रमेय: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण. त्याच दोन वर्तुळांतून लंबदुभाजक मिळतो, मग मध्यबिंदू. ज्याने रचना केली आणि ती का बरोबर आहे हे सांगितलं, त्याने आपलं टूल बनवायचं आणि पुढे वापरायचं. सिद्ध केलेलं प्रमेय पुढच्या सिद्धतेत वापरता येतं, याचा अर्थ त्यांना टूलच्या रूपात कळतो. उत्साही गट असेल तर अंतर उचलून दुसरीकडे नेणारा कंपासही बंद करा आणि दिलेल्या बिंदूपासून दिलेल्या लांबीचा रेषाखंड काढायला सांगा. युक्लिडचं दुसरं प्रमेय हेच आहे, आणि ते का लिहावं लागलं ते मग कळतं.

प्राथमिक वर्गांना शिकवणार असलेल्यांना मी आधी कासव देतो, जिओजेब्रा नंतर. लोगो ही संगणकाला सूचना देण्याची भाषा १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी तयार केली. तिच्यातलं कासव 'पुढे जा, वळ' अशा सूचनांवर चालतं. आज स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पेन जोडून हेच करता येतं. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की जवळजवळ प्रत्येक जण ६० अंश वळायला सांगतो, आणि तीन पावलांनंतर अर्धा षटकोन तयार होतो. चालणाऱ्याला आतला कोन वळायचा नसतो, बाहेरचा वळायचा असतो: १२०. त्यांना उठवून जमिनीवर चालून बघायला सांगा. सुरुवातीच्या दिशेला परत येईपर्यंत एकूण ३६० अंश वळावं लागतं हे पायांना कळलं की कोणत्याही सुसम बहुभुजाकृतीचा बाह्यकोन ३६० भागिले बाजूंची संख्या हे सूत्र द्यावं लागत नाही. घनाकृतींबद्दल एवढंच सांगतो: घनाचा प्रतलाने घेतलेला छेद सुसम षटकोन असू शकतो का, हा प्रश्न आधी विचारा, अंदाज घ्या, आणि मग सहा कडांच्या मध्यबिंदूंतून जाणारं प्रतल त्रिमितीय दृश्यात फिरवून दाखवा.

इथपर्यंत छात्रशिक्षक विद्यार्थी म्हणून शिकत होता. शिक्षक म्हणून विचार करणं हा वेगळा टप्पा आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की विषय येणं आणि तो विषय शिकवता येणं यांच्या मधोमध एक स्वतंत्र ज्ञान असतं. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड घातली. चौकट म्हणून ते ठीक आहे, पण विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान अशी तिची तीन वर्तुळांची आकृती पाठ करून घेतल्याने कोणाला शिकवता येत नाही. त्यापेक्षा हे काम द्या. 'समद्विभुज त्रिकोण' अशा नावाच्या तीन फायली तयार ठेवा: एकीत डोळ्यांच्या अंदाजाने बाजू सारख्या केल्या आहेत, दुसरीत एका वर्तुळाच्या दोन त्रिज्या वापरल्या आहेत, तिसरीत पायाच्या लंबदुभाजकावर शिरोबिंदू घेतला आहे. छात्रशिक्षकाने प्रत्येक फाईल ओढायची, रचनेच्या पायऱ्यांची यादी उघडून वाचायची आणि लिहायचं: ही फाईल करणाऱ्या मुलाला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि मी त्याला पुढचा कोणता प्रश्न विचारेन. तिसऱ्या फाईलमधलं मूल 'समान अंतर' याच्या जागी 'सममिती' वापरत आहे, हे ज्याला दिसतं त्याला मुलांचं काम वाचता यायला लागलं.

तयार मिळणाऱ्या फायलींबाबतही असंच. इंटरनेटवर स्लायडर सरकवला की प्रमेय 'घडताना' दिसणाऱ्या असंख्य फायली आहेत. त्यांतल्या बऱ्याच फायलींत बघणाऱ्याला विचार करायला काहीच उरत नाही. छात्रशिक्षकाला अशी एक फाईल द्या आणि तिच्यातून माहिती काढून टाकायला सांगा: मापं लपवा, नावं काढा, एक रेषा गाळा, जोवर मुलाला स्वतः काही करावं लागत नाही तोवर. कमी दाखवणारी फाईल बनवणं हे जास्त कौशल्याचं काम आहे.

पट्टी-कंपास कपाटात ठेवू नका. कागदावर हाताने रचना करताना कंपासचं टोक कुठे टेकवायचं हे ठरवावं लागतं, आणि तो निर्णय बोटांत उतरतो. माझा क्रम साधारण असा असतो: अंदाज आणि हातची आकृती, मग संगणक, मग स्क्रीन बंद करून चर्चा, मग लिखाण. स्क्रीन बंद करणं आवर्जून करा. चालू स्क्रीनसमोर कोणी कोणाचं ऐकत नाही. एका संगणकावर दोघं बसवा, आणि माउस धरणारा बोलणाऱ्याचं ऐकून करेल असा नियम ठेवा. सराव पाठाला पुष्कळदा एकच संगणक आणि प्रोजेक्टर मिळतो. त्याने अडत नाही, उलट वर्ग एकाच आकृतीवर एकाग्र होतो, मात्र ओढण्याआधी शिक्षकाने थांबून विचारलं पाहिजे, "मी हा बिंदू इकडे नेला तर काय होईल?" आणि उत्तरं आल्याशिवाय बोट हलवायचं नाही.

शेवटी मूल्यमापन. आकृतीच्या सुबकपणाला गुण देऊ नका. नाही तर रंग आणि रेषांची जाडी याखेरीज काही सुधारणार नाही. मी फाईल उघडतो आणि छात्रशिक्षकासमोर ती ओढतो. टिकली तर विचारतो की यातलं तुम्ही काय घातलं आणि काय आपोआप आलं. आपोआप आलेल्यातल्या एका गोष्टीचं कारण त्याने लेखी द्यायचं, सिद्धता म्हणूनच, प्रत्येक पायरीला आधार देऊन. फाईल मोडली तर गुण जात नाहीत. का मोडली हे शोधून दुरुस्त करायला त्याला वेळ मिळतो, आणि दुरुस्तीचं स्पष्टीकरण तितकंच मोलाचं धरतो. सराव पाठ बघताना मी शिक्षकाच्या तंत्रावर फारसं लिहीत नाही. माउस कोणाच्या हातात होता, प्रत्येक वेळी ओढण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारला गेला, आणि एखाद्या मुलाने 'असं का?' म्हटलं तेव्हा शिक्षकाने परत मापाकडे बोट दाखवलं की कारणाकडे, या तीन गोष्टींची नोंद घेतो आणि पाठानंतरची चर्चा त्यावरच करतो.